नणंद ४१ वर्षांची, डाऊन सिंड्रोम आहे. आता तरी तिला ख्रिस्तशरीर (कम्युनियन) मिळू शकेल का?

वसईची_सून

जय ख्रिस्त सगळ्यांना. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी नणंद ४१ वर्षांची आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे. घरात सगळे तिला बाय म्हणतात. माझ्या लग्नाला १४ वर्षं झाली तेव्हापासून आम्ही एकाच घरात आहोत, पण सासूबाई होत्या तोवर तिचं सगळं त्याच बघायच्या, केस विंचरण्यापासून ते चर्चला नेण्यापर्यंत. या पावसाळ्यात सासूबाई गेल्या आणि बाय माझ्याकडे आली. मला त्याचं ओझं वाटत नाही, ती मला वयनी वयनी करत मागेपुढे असते, उलट घरात तिच्यामुळे बोलणं चालू आहे.

प्रश्न असा की बायला कधीच ख्रिस्तशरीर, म्हणजे चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेत देतात ती पवित्र भाकर, मिळालेलं नाही. बाप्तिस्मा झालाय, पण बाकी काही नाही. ती नऊदहा वर्षांची असताना तिच्या चुलतभावंडांची पहिल्या ख्रिस्तशरीराची बॅच बसली होती तेव्हा सासूबाईंनी हिचाही पांढरा फ्रॉक शिवून घेतला होता, पण तेव्हाच्या फादरांनी सांगितलं की हिला प्रार्थना पाठ होत नाहीत, काही कळत नाही, आणि हिला गरज तरी काय, ही तर देवदूतच आहे, हिला पाप कुठलं. सासूबाई त्या पिढीतल्या, फादर बोलले म्हणजे विषय संपला. आता पेटी आवरताना तो फ्रॉक सापडला. घडी मोडलेलीसुद्धा नाही हो. मी तो हातात घेऊन किती वेळ बसले होते.

आता तिला कळत नाही म्हणजे काय ते मी सांगते. रोज संध्याकाळी साडेसातला रोजरी असते आमच्याकडे, ती कधी चुकली तर बायमुळे नाही चुकत. डब्यातून एकेकाची माळ काढून ज्याची त्याच्या हातात देते, कोणाची कुठली ते तिला पक्कं माहीत आहे. सासूबाईंची माळ अजून पहिली काढते आणि त्यांच्या खाटेवर उशीपाशी ठेवते. नमो मरिया तिला पूर्ण येत नाही, शेवटचं आमेन तेवढं बोलते, पण लदीन, म्हणजे नावं घेऊन केलेली विनंतीची प्रार्थना, सुरू झाली की प्रत्येक नावामागे 'विनंती कर' इतक्या जोरात म्हणते की शेजारी ऐकू जातं. उपासकाळात शुक्रवारी चुकून ताटात चिकन आलं तर ताट बाजूला सारते, हे तिला कोणी शिकवलं ते मलाही माहीत नाही.

दर रविवारी ती रांगेत माझ्यापुढे हात छातीशी बांधून उभी राहते आणि फादर डोक्यावर हात ठेवतात. पण सासूबाईंच्या महिन्याच्या मिस्साला तिने हात बांधले नाहीत. सगळे करतात तसे दोन्ही हात पुढे केले, डावा वर, उजवा खाली. वाटणाऱ्या काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काय बोलणार, त्यांनी तिच्या कपाळावर क्रूस केला आणि ती तशीच परत आली, हात तसेच उघडे. बाकावर बसल्यावरही उघडेच. मिस्सा संपेपर्यंत.

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. नवरा म्हणतो विचारून बघ, एक नातेवाईक म्हणतात आता या वयात कशाला तमाशा. मला एवढंच विचारायचंय की हे चालतं का? पाठांतर होणार नाही, कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) कसं करेल माहीत नाही, आणि तोंडातून होस्ट, म्हणजे ती पवित्र भाकर, बाहेर काढला तर? कोणाला अनुभव आहे का?

धर्मशिक्षिका_बोरिवली

ताई, तुमची पोस्ट वाचून मी आधी उठून पाणी पिऊन आले. ३१ वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, त्यातली शेवटची अकरा वर्षं आमच्याकडे स्पेशल मुलांचा छोटा गट होता, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलते.

चालतं. नुसतं चालतं असं नाही, बाप्तिस्मा झालेल्या माणसाचा तो हक्क आहे.

ते देवदूत प्रकरण मी फार ठिकाणी ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण त्या एका गोड शब्दाने किती जणांना आयुष्यभर बाहेर ठेवलं. देवदूतांना भूक नसते, त्यांची आई मरत नाही, त्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही. बाय माणूस आहे. रुसत असेल, हट्ट करत असेल, एखादी वस्तू लपवून मी नाही घेतली म्हणत असेल. आणि हा संस्कार माणसांसाठीच आहे.

आता कळण्याचं. आपल्या पणजोबांच्या काळी लहान मुलांनाही ख्रिस्तशरीर देत नसत, दहा बारा चौदा वर्षांची होईपर्यंत थांबवायचे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी आदेश काढला की साधारण सात वर्षांपासून द्या, मुलाला आपल्या वयाच्या मानाने ही नेहमीची भाकर नाही एवढं उमगलं की पुरे, सगळं तत्त्वज्ञान समजायची अट नाही. तेव्हाही लोक चिडलेच की, पोरांना काय कळतंय म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या जूनमध्ये रोममध्ये अपंग लोकांच्या मेळाव्यात हीच आठवण काढली आणि म्हणाले की पायसना माहीत होतं, मूल समजतं, फक्त वेगळ्या रीतीने समजतं. पोप बेनेडिक्ट यांनी तर २००७ मध्ये लेखीच दिलंय की बौद्धिक अक्षमता असलेल्यांना शक्य तिथे ख्रिस्तशरीर द्यावं, त्यांना घरच्यांच्या आणि सोबतच्या समाजाच्या श्रद्धेचा आधार असतो. हे वाक्य मी वर्गाच्या दाराला चिकटवलं होतं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्याला छप्पर उघडून खाली सोडतात, तिथे काय लिहिलंय बघा. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाचा पाठांतराचा पेपर घेतला नाही.

आणि या वयात तमाशा म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. फ्रान्समध्ये एका जोडप्याला दोन मुलगे होते, दोघेही खूप अपंग. पॅरिशच्या लूर्द यात्रेला त्यांना नेत नाही म्हणून सांगितलं, बाकीच्यांना त्रास होईल म्हणे. त्यातून पुढे १९७१ च्या ईस्टरला खास अशा कुटुंबांची यात्रा निघाली, बारा हजार माणसं लूर्दला गेली, त्यातली चार हजार बौद्धिक अक्षमता असलेली. फेथ अँड लाइट ही चळवळ तिथूनच जन्मली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, ज्यां व्हानिए, यांनी स्त्रियांचं शोषण केलं होतं हे ते गेल्यावर २०२० मध्ये उघड झालं, आम्हा लोकांना ते फार लागलं, म्हणून त्या माणसाला मोठं करून सांगत नाही. पण ते आईबाप आणि ती बारा हजार माणसं खरी होती, त्यांचं कोणी काढून घेऊ शकत नाही.

तुम्ही आत्ताच्या फादरांना भेटा, बायला बरोबर घेऊन. फोनवर नको. तिला माळा वाटताना त्यांना बघू दे, जमलं तर एका संध्याकाळी रोजरीला घरीच बोलवा.

ठाणेकर_७०

कोणाला दुखवायचं नाही, ताईंबद्दल आदरच आहे, पण एक शंका मनात येते ती लिहितो. संत पौल करिंथकरांना स्पष्ट सांगतो की प्रभूचं शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. आम्हाला लहानपणी उपाशी राहून, कन्फेशन करून, घाबरत घाबरत जायला शिकवलं. आता सगळं सोपं करत चाललोय असं वाटतं. ज्याला समजत नाही त्याला देऊन आपण त्याचं भलं करतो की फक्त आपल्या मनाचं समाधान? नीट समजावून सांगितलं तर ऐकायची तयारी आहे.

रायनची_मम्मी

वसईच्या ताई, मी प्रॅक्टिकल लिहिते कारण थिऑलॉजी मला येत नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा, ऑटिझम, बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचं कम्युनियन झालं.

होस्ट तोंडातून काढेल ही भीती मलाही होती आणि खरंच काढला होता, पण सरावाच्या वेळी. होस्ट कोरडा असतो, टाळूला चिकटतो, ज्यांना अशा स्पर्शाची सवय नाही त्यांना मळमळतं, त्यात देवाचा अपमान वगैरे काही नाही. आम्ही काय केलं तर सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमधून अर्पण न केलेले होस्ट मागून आणले, ते देतात, त्यांना कारण सांगा. आधी अगदी चिमूटभर तुकडा, वर घोटभर पाणी. मग पाव, मग अर्धा. दीड महिना लागला. डबा वेगळा ठेवला आणि त्याला दरवेळी सांगितलं की हा सरावाचा, चर्चमधला येशू. पुरा गिळता येत नसेल तर छोटासा कणही पुरतो, आमच्या फादरांनी सांगितलं की कणातही पूर्ण ख्रिस्त आहे.

दुसरं, फोटो. बाजारात मिळणारी चित्रं नाही, आपल्याच चर्चचे. मोबाईलवर दार, पवित्र पाणी, आमचा बाक, आल्तार, फादर, पुढे केलेला हात असे आठ फोटो काढले, प्रिंट करून लॅमिनेट केले, रिंगमध्ये अडकवले. रोज रात्री एकदा बघायचो. हाताच्या फोटोवर आला की तो छातीवर थाप मारायचा, तेच त्याचं आमेन ठरलं. फादरांना आधी सांगून ठेवलं, तेही थांबतात त्या थापेसाठी.

आम्ही सकाळच्या साडेसहाच्या मिस्साला जातो, तेव्हा क्वायर नसतो, गर्दी कमी, स्पीकर कमी. बाजूच्या दाराजवळचा बाक, म्हणजे घाबरला तर बाहेर जाता येतं. घंटेला कान झाकतो म्हणून आल्तार बॉयला हळू वाजवायला सांगितलंय. दर रविवारी एकाच माणसाच्या रांगेत जा, चेहरा ओळखीचा असला की अर्धं काम होतं.

आणि ताई, एक मनापासून सांगू? बायला छोट्या मुलांच्या बॅचमध्ये उभं करू नका. ती एक्केचाळीस वर्षांची बाई आहे. तिला साडी नेसवा, केसांत गजरा माळा, तुमच्या नेहमीच्या रविवारच्या मिस्सात तिच्या माणसांमध्ये होऊ दे. तो फ्रॉक जपून ठेवा, तो सासूबाईंचा आहे.

अजून एक, उशीर करू नका. डाऊन असलेल्यांना चाळिशीनंतर विसरण्याचा आजार लवकर लागू शकतो, डॉक्टरांनी आमच्या गटात सांगितलं होतं. घाबरवायला नाही लिहीत. पण पुढच्या वर्षी बघू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

फादर_नाशिककडचा

मी धर्मगुरू आहे, ग्रामीण भागात काम करतो. वर बाईंनी आणि मम्मींनी जे लिहिलंय ते मला सेमिनरीत इतकं नीट कोणी शिकवलं नव्हतं.

नियमांचं थोडक्यात लिहितो म्हणजे तुम्हाला फादरांशी बोलताना आधार होईल. कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम ९१२ म्हणतं, बाप्तिस्मा झालेला कोणीही, कायद्याने मनाई नसेल तर, ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे ख्रिस्तशरीरालाच, स्वीकारला गेलाच पाहिजे. पुढचं ९१३ मुलांच्या तयारीबद्दल आहे, त्यातही 'त्यांच्या कुवतीप्रमाणे' असे शब्द आहेत. कुवत बायची, तुमची माझी नाही. आणि ७७७ तर आम्हा पॅरिश प्रिस्टनाच बजावतं की शरीराने किंवा बुद्धीने अडचण असलेल्यांनाही त्यांना झेपेल तेवढं धर्मशिक्षण मिळेल हे बघा. म्हणजे तीस वर्षांपूर्वी जे राहिलं ते बायचं काम नव्हतं, आमचं होतं. त्याबद्दल एक धर्मगुरू म्हणून मी तुमची आणि तिची माफी मागतो.

कन्फेशन. पाप काय हे ज्याला समजतच नाही त्याला ख्रिस्तशरीराआधी कन्फेशनची सक्ती नाही. पण मी सरसकट समजत नाही असं धरून चालत नाही. चूक झाल्याचं वाईट वाटतं का, एवढं बघतो. शब्द नसले तरी हरकत नाही, खूण चालते, मान खाली घालणं चालतं. माझ्याकडे एक जण येतो, कान पकडतो, मी क्षमा देतो, तो हसत जातो. होस्ट अजिबात गिळता येत नसेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपातही देता येतं, कलम ९२५, चमच्यावर एक थेंब पुरतो. दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार) राहिलं असेल तर तेही मागा, समज नसणं ही त्याला आडकाठी नाही. त्यासाठी तुमच्या फादरांना बिशपांशी बोलावं लागेल.

ठाणेकर काका, तुमची शंका प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिक उत्तर देतो. तो उतारा जरा वरपासून वाचा, अकराव्या अध्यायाच्या एकविसाव्या ओवीपासून. करिंथमध्ये काय चाललं होतं, खाऊनपिऊन सुखी माणसं आधी जेवून घ्यायची आणि ज्यांच्याकडे काही नाही ते तसेच उपाशी राहायचे. पौल चिडलाय तो त्यावर, 'ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय' म्हणून. प्रभूचं शरीर न ओळखणं तो म्हणतो तेव्हा भाकर आणि शेजारी बसलेला भाऊ, दोन्ही त्यात येतात असं मी शिकलो आणि तसंच मानतो. श्रद्धेने घ्यायला हवं हे तुमचं अगदी बरोबर, त्यात मी काहीही सोपं करणार नाही. पण उघडे हात घेऊन मिस्सा संपेपर्यंत बसलेली बाई, तिला ती नेहमीची भाकर वाटत होती असं तुम्हाला वाटतं का? नेहमीच्या भाकरीसाठी कोणी असे हात धरत नाही.

आणि पूर्वेकडच्या काही कॅथलिक चर्चेसमध्ये तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्याच्या वेळीच दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद देतात. रोम त्यांना चूक म्हणत नाही.

ठाणेकर_७०

फादर, उतारा वरपासून वाचला. इतकी वर्षं मिस्सात ऐकला आणि ते वाक्य डोक्यातून निसटत होतं. ताई, माझा विरोध नाही. तारीख ठरली तर सांगा, त्या दिवशी माझी मिस्सा बायसाठी.

श्रीरामपूरचा_भाऊ

माझा मोठा भाऊ असाच. दर सप्टेंबरला हरेगावला मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला आम्ही त्याला नेतो, गर्दी प्रचंड, लोक म्हणतात घरी ठेवा त्याला. पण तिथे मेणबत्ती लावताना तो गावातल्या आजारी माणसांची नावं घेतो, एकेक करून, आम्ही विसरलेलोसुद्धा. गावात आता लोक यात्रेआधी येऊन त्याला सांगून जातात, माझ्या आईचं नाव घे रे, माझ्या पोराच्या परीक्षेचं बघ रे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की बायला नुसता संस्कार देऊन थांबू नका, तिला काम द्या चर्चमध्ये. ती घरी माळा वाटते ना, मग ऑक्टोबरच्या रोजरीला चर्चच्या दारात माळांची टोपली घेऊन तिलाच उभी करा. किंवा अर्पणाच्या वेळी दान पुढे न्यायला. आपण नेहमी यांच्यासाठी काय करायचं एवढंच बोलतो.

वसईची_सून

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. नवऱ्याला रात्री सगळं वाचून दाखवलं, श्रीरामपूरच्या भाऊंचं वाचताना त्याला पुढे ऐकवेना, उठून गॅलरीत गेला.

काल फादरांना भेटून आलो. बायला घेऊनच गेलो. मी सगळं तयारी करून गेले होते, कलमं कागदावर लिहून, पण फादरांनी कागद मागितलाच नाही. तिला विचारलं, बाय, तुला काय पाहिजे? ती काही बोलली नाही, त्यांच्या टेबलावर क्रूस होता तो उचलून तिने त्याची पापी घेतली आणि परत होता तसा ठेवला, अगदी त्याच जागी. फादर थोडा वेळ गप्पच होते. मग म्हणाले दोन महिने तयारी करू, मी स्वतः दर बुधवारी घरी येईन रोजरीला.

सिस्टरांकडून सरावाचे होस्ट आणलेत. पहिला तुकडा तिने हातात घेऊन बराच वेळ बघितला, मग अर्धा मोडून माझ्या हातात दिला. आता हे सराव म्हणून सांगितलं तरी ती एकटी खातच नाही, मलाही घ्यावा लागतो. फोटो काढायचे आहेत अजून, या रविवारी काढेन. साडीचं विचारलं तर सासूबाईंच्या कपाटाकडे बोट दाखवलं, त्यांची मोतिया रंगाची आहे, ब्लाऊज तेवढा शिवायला टाकायचा.

एक राहिलं. दृढीकरणाचंही फादर बिशपांशी बोलणार आहेत, त्याला गॉडमदर लागते ना? मी वहिनी आहे, मी उभी राहिले तर चालतं का, की घरातलं माणूस नको?

फादर_नाशिककडचा

फक्त आईवडील चालत नाहीत, वहिनी चालते. तुमचं स्वतःचं दृढीकरण झालेलं हवं, चर्चशी नातं नीट असलं म्हणजे झालं. बाप्तिस्म्याच्या वेळची तिची गॉडमदर हयात असेल तर आधी त्यांना विचारा, तीच असावी असं चर्च सुचवतं.

वसईची_सून

त्या सासूबाईंच्या बहीण होत्या, आठ वर्षांपूर्वी गेल्या. मग मीच.